एरॉसचा नेम

मास्तर आयुष्यात कधी चुकले नव्हते. म्हणजे चुकले होते पुष्कळदा, पण मुद्दाम.

चौतीस वर्षे त्यांनी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले आणि रोज फळ्यावर एक तरी चूक जाणूनबुजून केली. 'सात आठे चोपन्न' असे ठळक अक्षरात लिहायचे आणि खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, जणू पलीकडच्या झाडावर त्यांचे काही महत्त्वाचे काम अडले आहे. ज्या पोराला चूक सापडेल त्याने हात वर करायचा. मग मास्तर खडू त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसायचे, गुडघे हनुवटीला लावून. "ज्याला चूक सापडली, तो तेवढ्यापुरता मास्तर," हा त्यांचा कायदा होता. निवृत्त होताना शाळेने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले आणि मास्तरांनी स्वतःहून खडूचा एक तुकडा खिशात टाकून आणला. तो अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असतो. कपडे धुवायला टाकताना आजी तो आठवणीने बाहेर काढून ठेवतात आणि काही बोलत नाहीत. म्हणजे फार काही बोलत नाहीत.

या सवयीत एक धोका होता. निवृत्तीनंतर मास्तर खरोखरच चुकू लागले, तेव्हा 'मुद्दाम' हा शब्द त्यांच्या हाताशी तयार होता. चहात साखरेऐवजी मीठ पडले? मुद्दाम, चवीची परीक्षा. भलत्याच बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले? मुद्दाम, शहर कुठवर वाढले ते बघायचे होते. गल्लीत सगळ्यांचा यावर विश्वास होता. घरात दोघींचा नव्हता. एक आजी आणि दुसरी नात.

नात अकरा वर्षांची. तिला घरात आणि गल्लीत टाचणी म्हणत, कारण फुगलेली कोणतीही वस्तू दिसली की तिला राहवत नसे. मग तो फुगा असो की माणूस.

तर या टाचणीने एक विज्ञानकथा लिहिली. मुलांच्या कथास्पर्धेसाठी. मास्तरांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि आजींना मोठ्याने ऐकवली.

कथा अशी होती. सूर्याभोवती फिरणारा एक छोटा, शेंगदाण्यासारखा लांबट लघुग्रह आहे. तो खराच आहे आणि त्याचे नावही खरेच एरॉस आहे. ग्रीक लोकांच्या प्रेमदेवाचे नाव. टाचणीच्या कथेत हा एरॉस देव नव्हताच. दूरच्या कुठल्यातरी ताऱ्यावरून यानाने पाठवून त्याला नोकरीवर नेमलेले होते. पृथ्वीवरची माणसे एकमेकांपासून सुटू लागली की त्याने लघुग्रहावरून बाण मारायचा. पण बाण पृथ्वीवर पोहोचायला तीन महिने लागायचे. तेवढ्यात पृथ्वी पुढे निघून जायची. म्हणून एरॉस पृथ्वी आहे तिथे नेम धरत नसे, ती जिथे पोहोचणार आहे तिथे धरत असे. आणि माणसेही तीन महिन्यांत तीच राहत नाहीत. रागावलेला निवळलेला असतो, हसरा रुसलेला असतो. मग एरॉसला माणूस आहे कसा हे बघून चालत नसे. तो होणार कसा, हे ओळखावे लागे.

"हे कुणी सांगितलं गं तुला?" मास्तरांनी विचारले.

"तुम्हीच. नेमाचं गणित तुम्ही शिकवलंत. माणसांचं मी घातलं."

मास्तरांची छाती इतकी फुगली की आजींनी टाचणीकडे काळजीने पाहिले. पण त्या दिवशी टाचणी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मास्तर कथा घेऊन स्पर्धेच्या कार्यालयात गेले. तिथे दोन खिडक्या होत्या. एकीवर लिहिले होते 'विज्ञानकथा', दुसरीवर 'पुराणकथा'. पहिल्या खिडकीमागे एक किडकिडीत गृहस्थ, दुसऱ्या खिडकीमागे किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या एक बाई. मध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत.

पहिल्या खिडकीने कथेचे पहिले पान वाचले आणि कागद परत सरकवले.

"देव आहे यात."

"देव नाही, साहेब. कथेतच म्हटलंय, तो देव नाही."

"मग नाव देवाचं कशाला? नियम सात. विज्ञानकथेत देव, भूत, चमत्कार चालत नाही. शेजारी जा."

मास्तर शेजारी गेले. दुसऱ्या खिडकीने शेवटचे पान वाचले.

"यान आहे यात. लघुग्रह आहे. नियम चार. पुराणकथेत यंत्र, यान, परग्रह चालत नाही. शेजारी जा."

"मी शेजारूनच आलो, बाई."

"मग त्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा ना. मधे एक फळीच तर आहे."

बाईंनी मास्तरांकडे असे पाहिले, की मास्तरांना आपण वर्गात उशिरा आलो असे वाटले. "आम्ही बोलत नाही," त्या म्हणाल्या.

कारण बाहेरच्या शिपायाने सांगितले. आडभिंत घातली तेव्हा पंखा पहिल्या खिडकीकडे गेला आणि त्याचे बटण दुसऱ्या खिडकीकडे राहिले. आधी विनंत्या झाल्या, मग टोमणे झाले, मग सहा वर्षे शांतता. साहेब वहीने वारा घेत आणि बाई बटणाला हात लावत नसत.

मास्तरांनी त्या दिवशी दोन खिडक्यांमध्ये सात फेऱ्या मारल्या. एका खिडकीचे म्हणणे दुसरीला आणि दुसरीचे पहिलीला, शब्दाचा फरक न करता पोहोचवले. चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला असे निरोप्यासारखे धावताना पाहून शिपायाने त्यांना स्टूल दिले. पण बसायला वेळ कुठे होता? शेवटी सातव्या फेरीला पहिल्या खिडकीने नियमांचे पुस्तक उलटे-सुलटे करून एक पोटनियम काढला.

"कथेतल्या देवाचं काम यंत्रानं करून दाखवलंत, तर विज्ञानकथा धरता येईल. चालतं यंत्र हवं. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांसमोर तीन संधी. शिवाय पुराणकथा विभागाचा ना-हरकत दाखला, की हा देव त्यांचा नाही."

मास्तर दुसऱ्या खिडकीकडे गेले.

"देवाला नाकारायचं म्हणता?" बाई म्हणाल्या. "आजवर आम्ही कुठल्याही देवाला नाकारलेलं नाही. त्याचा एखादा फोटो तरी?"

फोटो नव्हता. मास्तरांनी अर्जाच्या पाठीमागे पंख असलेला एक मुलगा काढून दाखवला. बाईंनी तो निरखून पाहिला, "आमच्या नोंदीत हे बदक नाही," असे म्हणाल्या आणि दाखल्यावर शिक्का मारला. मास्तरांच्या चित्रकलेचा तो अपमान होता. पण शिक्का मिळाला होता. स्वाभिमान गिळावा आणि शिक्का जपावा, हे त्यांना त्या दिवशी कळले.

"यंत्र करू," घरी येऊन मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं!"

'त्यात काय एवढं' हे शब्द मास्तरांच्या तोंडून निघाले की आजी घरातली चांगली चादर, चांगली कात्री आणि चांगला डबा उचलून आत ठेवत. या खेपेला त्या डबा उचलायला विसरल्या. त्याचे पितळी झाकण सूर्य झाले.

यंत्राचा बेत मात्र खरोखरच सुरेख होता. मधोमध सूर्य, त्याच्याखाली खेळण्यातली मोटर, मोटरला जोडलेली लाकडी दांडी आणि दांडीच्या टोकाला शाळेने टाकून दिलेला पत्र्याचा लहानसा पृथ्वीगोल. एका महासागरात त्याला पोचा आला होता, पण जमीन शाबूत होती. ही पृथ्वी बारा सेकंदांत एक फेरी मारायची. एक महिना म्हणजे एक सेकंद. कागदाच्या लगद्याचा लांबट लघुग्रह उंच काठीवर, त्यावर एरॉस, आणि त्याच्या धनुष्यापासून खाली पृथ्वीच्या वाटेपर्यंत एक ताणलेली तार. तारेवर पडद्याच्या उघड्या कडीने सैल अडकवलेला बाण, तारेच्या टोकाशी सुटून उडेल असा, आणि त्याच्या टोकाला लोहचुंबक. दोरी ओढली की बाण घसरत यायचा, बरोबर तीन सेकंदांत. तीन सेकंद म्हणजे तीन महिने.

"आता सांग," मास्तरांनी टाचणीला विचारले, "बाण सोडायचा कधी?"

"पृथ्वी तारेच्या टोकापासून पाव फेरी मागे असेल तेव्हा. बारातले तीन."

"शाब्बास. तिथे तांबडी खूण कर."

आता राहिला एरॉस. बागेतल्या कारंज्यांचे पुतळे करणाऱ्या दुकानात मास्तरांना एक प्लास्टरचा एरॉस मिळाला. वीतभर उंच, गुटगुटीत, पाठीवर पंख, गालावर खळी आणि अंगावर काही नाही. धनुष्य मोडलेले होते, म्हणून दुकानदाराने तो आनंदाने दिला. मास्तर त्याला कागदात गुंडाळून निघाले. गल्लीच्या तोंडाशी कागद सुटला आणि वरच्या मजल्यावरचे वकील नेमके समोरून आले.

"मास्तर," वकील म्हणाले, "हे काय? कुणाचं?"

"हा ग्रीक आहे."

"ते ठीक. पण उघडा आहे."

"वकीलसाहेब, तो प्रेमाचा देव आहे."

"तेच म्हणतो मी. प्रेमाचा देव, उघडा, आणि तुमच्या काखेत. या वयात. भर रस्त्यात."

वकील फुकट सल्ला देत, म्हणून त्यांचा सल्ला टाळायची कुणाची छाती होत नसे. त्यांनी तीन सल्ले दिले. पुतळ्याला कपडे घाला. पृथ्वीला नवा रंग द्या. आणि प्रदर्शनाच्या दिवशी मोटरला नवे कोरे सेल घाला, समारंभ आहे. मास्तरांनी तिन्हींवर मान डोलावली. या मानेची किंमत पुढे कळेल.

घरी आजींनी एरॉसकडे एकदाच पाहिले आणि त्याच्यावर भांडी पुसायचे फडके टाकले.

"अहो, हे असलं ध्यान माझ्या दिवाणखान्यात नको. येणाराजाणारा काय म्हणेल?"

"अगं, लहान मूल आहे."

"मूल आहे तर झबलं घाला."

टाचणीला वेगळीच शंका होती. "आजोबा, माझा एरॉस नोकरीवर आहे. एवढं बाळ नोकरी कशी करेल?"

इथे मास्तरांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी सांगितले, की फार जुन्या ग्रीक गोष्टींत एरॉस बाळ नव्हताच, चांगला तरणाताठा होता. पुढे चित्रकार आणि मूर्तिकार त्याला लहान लहान करत गेले आणि शेवटी तो असा रांगायला लागला. "मोठ्या माणसांना प्रेमाची भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. "म्हणून त्यांनी त्याला लहान करून ठेवलं. बाळाला कोण घाबरणार?"

आजींनी फडक्याचे टोक नीट केले आणि स्वयंपाकघरात गेल्या. पण जाताना हसल्या असाव्यात.

एरॉसला अंतराळपोशाख शिवायचे ठरले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि विचारले, "गिऱ्हाईक कुठाय?" मास्तरांनी पिशवीतून देव काढून शिलाईयंत्राशेजारी उभा केला. शिंप्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने छाती मोजली, कंबर मोजली, पंखांपाशी थांबला.

"पाठीला दोन काजं ठेवतो. पंख काढता येतात का?"

"नाही."

"मग मागून बटणं. वाढत्या अंगाचं शिवू?"

"हा वाढत नाही. उलट लहान होत आलाय. दोन-अडीच हजार वर्षं झाली."

"असं? मग अंगासरशीच ठेवतो, दुमड नको." शिंप्याने वहीत लिहून घेतले. "नाव?"

"एरॉस."

"आडनाव?"

मास्तरांनी स्वतःचे आडनाव दिले. त्यामुळे पुढे जे झाले त्यात शिंप्याचा दोष नव्हता. त्याच्या दुकानात चिठ्ठी लागली, ती गल्लीने वाचली, आणि दोन दिवसांत शेजारणी आजींना विचारायला आल्या, की घरात नवीन बाळ कुणाचे, आणि आम्हाला कळवले का नाही? एकीने तर लोकरी टोपडेही आणले. आजींनी ते ठेवून घेतले. एरॉसच्या डोक्याला ते शिरस्त्राणापेक्षा बरे बसले.

पोशाख चंदेरी कापडाचा झाला. धनुष्य छत्रीच्या काडीचे. छत्री मास्तरांची होती, आणि ती मोडल्यावर ते म्हणाले, "मुद्दाम." मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी चाचणी. पृथ्वी तांबड्या खुणेवर आली की टाचणी दोरी ओढायची, बाण सरसरत यायचा, आणि टक् करून पृथ्वीला चिकटायचा. वीसपैकी वीस वेळा. वकील खाली येऊन बघत, शिंपी दुकान सोडून येई. मास्तर प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवत, जे ते चौतीस वर्षे वर्गात ऐकवत आले होते: "प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर काय झालं ते देवालाही कळत नाही."

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी पृथ्वीला नवा निळा रंग दिला, एरॉसला टोपडे चढवले, आणि समारंभ आहे म्हणून मोटरला नवे कोरे सेल घातले.

सभागृह भरले होते. एकेका टेबलावर एकेका मुलाची कथा. मास्तर-टाचणीच्या टेबलाभोवती सर्वात जास्त गर्दी. गल्ली लोटली होती. चंदेरी पोशाखातला टोपडेवाला एरॉस उंचावर दिमाखात उभा होता. मास्तरांनी ठेवणीतला कोट घातला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होते, "कल्पना सगळी नातीची हो. मी आपला हमाल." पण हे ते इतक्या मोठ्याने सांगत होते, की हमालाचा अभिमान दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जावा.

मुख्य परीक्षक आले. गंभीर गृहस्थ, छातीवर ताटलीएवढा पत्र्याचा बिल्ला. त्यांच्यामागे दोन्ही खिडक्या: साहेब वही घेऊन डावीकडे, बाई जुडगा खुळखुळवत उजवीकडे, मध्ये आडभिंतीएवढे अंतर.

"चालतं यंत्र?" परीक्षकांनी विचारले.

"बघाच," मास्तर म्हणाले. "पहिली संधी मी घेतो. कुवत तरी कळू द्या यंत्राची."

खरे तर दोरी टाचणीच्या हातात होती. ती तिने मुकाट्याने सोडली. मास्तरांनी पृथ्वीकडे रोखून पाहिले. पृथ्वी तांबड्या खुणेवर आली. त्यांनी झोकात दोरी ओढली. बाण सरसरत निघाला. परीक्षक अधिक नीट दिसावे म्हणून वाकले. पृथ्वी तारेच्या टोकावरून केव्हाच पुढे निघून गेली, बाण मोकळ्या जागेतून उडाला आणि परीक्षकांच्या बिल्ल्यावर, थेट हृदयाशी, टक् करून चिकटला.

मग मागून शिंपी म्हणाला, "लागला!" आणि सभागृह फुटले.

परीक्षकांनी बाण ओढला. तो सहजी निघेना, बिल्लाच पुढे येऊ लागला. "हे मुद्दाम केलंत?"

"छे, छे," मास्तर म्हणाले. आणि सवयीने पुढे म्हणाले, "म्हणजे, तसं पाहिलं तर…"

"दुसरी संधी."

मास्तरांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. पंधरा दिवसांत वीसपैकी वीस! काय बिघडले? तार? तार ताठ. बाण? तोच. रंगाने पृथ्वी जड झाली असेल, मागे पडत असेल! त्यांनी घाईने खूण पुसून ती तारेच्या आणखी जवळ केली. आजी मागून हळूच म्हणाल्या, "अहो, पोरीला विचारा," पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत मास्तर नव्हते. इतकी माणसे बघत असताना चौतीस वर्षांचा अनुभव कुणाला विचारत नसतो.

दुसऱ्या खेपेला पृथ्वी आणखीच पुढे गेली. बाण तिरका उडाला आणि दुसऱ्या खिडकीच्या बाईंच्या जुडग्याला जाऊन लटकला. बाईंनी ओढला, किल्ल्या निघाल्या, बाण निघेना. पहिल्या खिडकीच्या साहेबांनी वही बगलेत मारली, पुढे होऊन जुडगा धरला, बाण पिरगळून सोडवला. सहा वर्षांत प्रथमच दोघे एका वस्तूला हात लावून उभे होते. बाईंनी जुडगा कमरेला लावला आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "फार उकडतं का हो तुमच्याकडे?"

पण मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते. परीक्षकांनी खिशातून पेन काढले होते, आणि मास्तरांना उलटी अक्षरे वाचायची सवय होती. चौतीस वर्षे ते बाकांच्या पुढून वह्या वाचत आले होते. परीक्षक लिहीत होते: 'यंत्र चालत नाही. कथा पुराणकथा विभागात…'

इतक्यात टाचणीने हात वर केला.

ती बाण बघतच नव्हती. दोन्ही वेळा ती पृथ्वीकडे पाहत राहिली होती आणि बोटांनी टेबलावर ठेका धरून मोजत होती. तिने मास्तरांच्या कोटाची बाही ओढली.

"आजोबा, चूक सापडली."

"काय?"

"पृथ्वी नऊ सेकंदांत फेरी मारतेय. बारा नाही. सकाळी तुम्ही नवे सेल घातलेत ना, ती जोरात पळतेय. बाणाला तीनच लागतात. म्हणजे आता पाव फेरी नाही, नवातले तीन, एक तृतीयांश. खूण जवळ नाही, लांब न्यायला हवी." मग तिने मान वर केली. "ही चूक मुद्दाम आहे का?"

हे तिने हळू विचारले होते. पण सभागृह गप्प झाले होते आणि परीक्षकांचे पेन कागदावर थांबले होते. "हो, मुद्दाम का?" परीक्षकांनीही विचारले. "मुलांना चूक शोधायला लावायची आपली पद्धत मी ऐकून आहे. तसं असेल तर दोन्ही संधी परत देता येतील. तसं लिहितो."

पाहा, किती सोपे होते! एक शब्द. तोंडात तयार होता, जिभेच्या टोकावर. परीक्षक स्वतः तो पुढे करत होते. मास्तरांची अब्रू शाबूत, तिन्ही संधी हातात, गल्ली टाळ्या वाजवणार. फक्त एवढेच झाले असते, की टाचणीला सापडलेली चूक मास्तरांनी आधीच ठेवलेली ठरली असती. तिचे शोधणे मास्तरांच्या खेळातला एक डाव झाले असते.

मास्तरांनी नातीकडे पाहिले. अकरा वर्षांची पोर, बोटे अजून टेबलावर. ती आहे कशी हे त्यांना रोज दिसत होते. ती होणार कशी, हे त्यांना त्या क्षणी दिसले.

"नाही," ते म्हणाले, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ही चूक मुद्दाम नव्हती. खरी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, असं मी आयुष्यभर ओरडत आलो, आणि आज सकाळी मीच सेल बदलले, रंग बदलला आणि मोजलं नाही. मला कळलं नव्हतं. हिला कळलं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा काढून टाचणीच्या तळहातावर ठेवला. मग टेबलामागे मुलांसाठी ठेवलेली बुटकी खुर्ची ओढली आणि तिच्यावर जाऊन बसले, ठेवणीतल्या कोटासकट, गुडघे हनुवटीला लावून.

टाचणीने खडूने नवी खूण केली. पृथ्वीला दोन फेऱ्या जाऊ दिल्या, नऊ नऊ मोजल्या. तिसऱ्या फेरीला दोरी ओढली. बाण निघाला. एक, दोन, तीन.

टक्.

पोचा आलेल्या महासागराच्या मधोमध बाण बसला आणि पृथ्वीबरोबर गोल फिरू लागला. वर एरॉस टोपड्याखालून हसत होता. तो तसा आधीपासूनच हसत होता, पण आता त्याला कारण मिळाले होते.

टाळ्या ओसरल्यावर परीक्षकांनी विचारले, "बाळ, हा बाण तर समुद्रात पडला. प्रेम कुणाला झालं?"

"माझं काम पृथ्वीपर्यंत पोहोचवायचं," टाचणी म्हणाली. "पुढचं माणसांनी बघायचं."

परीक्षकांनी लिहिलेले खोडले. त्यावर नवे लिहिले, आणि दुरुस्तीवर दोन्ही खिडक्यांनी एकाच पेनाने सही केली. टाचणीला विज्ञानकथेत दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या एका मुलाला गेला, आणि त्याचे यंत्र पाहून टाचणीच म्हणाली की बरोबर आहे. कार्यालयातल्या आडभिंतीला आता बटणापाशी हातभर झरोका पाडला आहे, असे शिपाई सांगतो.

मास्तरांचे विचाराल, तर त्यांनी पुढचा महिनाभर गल्लीला सळो की पळो करून सोडले. भेटेल त्याला थांबवून ते आपली चूक सांगत. मुद्दामची नव्हे, खरी! नवे सेल कसे घातले, खूण उलट्या बाजूला कशी सरकवली, बाण बिल्ल्यावर कसा बसला.

"मास्तर, खरं सांगा, मुद्दामच ना?" वकील म्हणाले.

"अजिबात नाही! शुद्ध चुकलो! तुमचाच सल्ला होता तो, पण ऐकला मी. आणि पकडलं कुणी? नातीनं! भर सभेत!"

इतक्या अभिमानाने त्यांनी आपली एकही बरोबर गोष्ट कधी सांगितली नव्हती.

प्रदर्शनानंतरच्या रविवारी आजींनी सदरा धुवायला घेतला, सवयीने खिशात बोटे घातली, खिसा रिकामा होता. त्यांनी बाहेर डोकावले. दिवाणखान्याच्या दारापाशी टाचणी उभी होती. दारावर तिने खडूने ठळक अक्षरात लिहिले होते, 'सात आठे चोपन्न', आणि आता ती खिडकीबाहेर बघत होती, जणू पलीकडच्या झाडावर तिचे काही महत्त्वाचे काम अडले आहे.

समोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मास्तरांनी हात वर केला.